चाकणची ट्रायम्फ, थायलंडची हार्ले: मुंबईतल्या रायडरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा किंवा दसरा जवळ आला की आमच्या रायडिंग ग्रुपमध्ये नवी गाडी घेणाऱ्यांची चौकशी वाढते, आणि दरवेळी त्यात हेच प्रश्न असतात. टाकीवर नाव इंग्लंडचं किंवा अमेरिकेचं, गाडी मात्र चाकणची, राजस्थानातल्या नीमराण्याची नाहीतर थायलंडची. एवढे पैसे घालायचे तर मनात शंका नको, असं प्रत्येकाला वाटतं आणि ते बरोबरच आहे. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

माझी स्पीड ४०० चाकणला बनली आहे. मग ती खरी ट्रायम्फ का?

हो, खरी. आखणी इंग्लंडमधल्या हिंक्लीची, म्हणजे ट्रायम्फच्या घरची, बांधणी बजाजची. दोन्ही कंपन्यांचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला, गाडी जुलै २०२३ मध्ये बाजारात आली, आणि चाकणहून निघालेली हीच गाडी ब्रिटनच्या शोरूममध्येही विकली जाते. बर्मिंगहॅमचा ग्राहक आणि बोरिवलीचा ग्राहक एकाच लाइनवर जुळलेली गाडी चालवतात.

शिवाय 'मूळ' म्हणायचं तरी कशाला? जुनी ट्रायम्फ इंग्लंडमधल्याच मेरिडनची. ती कंपनी १९८३ मध्ये बुडाली. जॉन ब्लूर यांनी तिचं नाव विकत घेतलं, हिंक्लीला नवा कारखाना उभा केला आणि नव्वदीच्या सुरुवातीला गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या. २००२ पासून ट्रायम्फचं काम थायलंडमध्येही सुरू झालं. २०२० मध्ये तर मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन तिकडेच नेऊन हिंक्लीला मुख्यतः डिझाइन आणि मर्यादित आवृत्त्यांच्या गाड्या ठेवायच्या असं ठरलं. आज ट्रायम्फची बॉनव्हिल घेणाऱ्यालाही बहुधा थायलंडची गाडी मिळते. तिला कुणी नकली म्हणत नाही.

गाडीचा आराखडा कोणी केला, वॉरंटीत काही निघालं तर कोण जबाबदारी घेतं आणि दहा वर्षांनी क्लच प्लेट मिळेल का, हे मी आधी बघतो. कारखान्याचं गाव त्यानंतर.

कंपन्या आपला देश सोडून जातात ते स्वस्त मजुरीसाठीच ना?

मजुरी हे एक कारण आहे. पण नुसत्या मजुरीसाठी एवढा मोठा खटाटोप कोणी करणार नाही. खरा हिशेब आयात शुल्काचा, सुट्या भागांचा आणि गिऱ्हाईक कुठे आहे त्याचा असतो.

हार्लेचं उदाहरण घ्या. थायलंडमध्ये बाहेरून येणाऱ्या मोटारसायकलवर ६० टक्क्यांपर्यंत शुल्क लागायचं. रायोंगला कारखाना काढला की ते टळतं, आणि आग्नेय आशियातल्या शेजारी देशांतही गाडी कमी शुल्कात जाते. मग जून २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क लावलं म्हणून युरोपीय संघाने उलट अमेरिकन मोटारसायकलवरचं शुल्क ६ वरून ३१ टक्क्यांवर नेलं. कंपनीने तेव्हा सांगितलं की युरोपात जाणारी प्रत्येक गाडी सरासरी २,२०० डॉलरने महाग पडेल, म्हणून युरोपसाठीचं उत्पादन अमेरिकेबाहेर नेऊ. दोन सरकारांच्या भांडणात कारखान्याची जागा बदलते ती अशी.

चाकणचं बळ मात्र वेगळं आहे. तिथे आणि पिंपरी-चिंचवड, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कास्टिंग, फोर्जिंग, वायरिंग, ब्रेक, सीट, मशिनिंग असं सगळं करणारे पुरवठादार आहेत. दुचाकी लाखांनी बनवायची सवय इथल्या हातांना आहे. ऑस्ट्रियाच्या केटीएमने हेच हेरलं. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये पहिली गुंतवणूक केली, २०११ पासून छोट्या ड्यूक चाकणहून परदेशात जाऊ लागल्या, आणि ड्यूक २०० जानेवारी २०१२ मध्ये आपल्याकडे आली. ऑस्ट्रियात एवढी छोटी गाडी एवढ्या किमतीत बनवणं जमलंच नसतं. पुढे २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५ मध्ये बजाजनेच पैसा ओतून तिला सावरलं. ज्याला फक्त बनवून देणारा समजलं जात होतं, तोच शेवटी मालक झाला.

मग हार्लेच्या अमेरिकन चाहत्यांना एवढा राग का आला?

कारण कंपनीने त्यांना गाडीसोबत देशही विकला होता. हे मी दोष म्हणून सांगत नाही, इतिहास तसा आहे.

१९०३ ची मिलवॉकीची कंपनी. १९६९ मध्ये एएमएफ नावाच्या उद्योगसमूहाने ती घेतली आणि पुढच्या काही वर्षांत गाड्यांचा दर्जा इतका ढासळला की तेल गळणारी हार्ले ही ओळखच झाली. तेव्हा कारखाना अमेरिकेतच होता, हे लक्षात ठेवा. १९८१ मध्ये १३ अधिकाऱ्यांनी मिळून कंपनी परत विकत घेतली. १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात गाड्यांवर पहिल्या वर्षी ४५ टक्क्यांचं जादा शुल्क लावलं, म्हणजे जपानी कंपन्यांपासून हार्लेला श्वास घ्यायला वेळ मिळेल. त्याच वर्षी हार्ले ओनर्स ग्रुप सुरू झाला. १९८७ मध्ये कंपनीने स्वतःहून सरकारला सांगितलं की आता या संरक्षणाची गरज नाही.

त्या काळात ज्यांनी महागडी, कुरकुरणारी हार्ले घेतली त्यांनी आपण एक अमेरिकन कारखाना वाचवतोय या भावनेने घेतली होती. कारखाना वाचला. मग २०१८ च्या जानेवारीत कॅन्सस सिटीचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली, त्याच वर्षी रायोंगचं उत्पादन सुरू झालं, आणि ऑगस्टमध्ये खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी बहिष्काराच्या भाषेला उघड पाठिंबा दिला. तेव्हा कंपनी म्हणत होती की थायलंडच्या गाड्या अमेरिकेबाहेरच विकल्या जातील. २०२४ मध्ये पॅन अमेरिका, स्पोर्टस्टर एस आणि नाइटस्टर या मॉडेलांचं अमेरिकेसाठीचं उत्पादनही तिकडे नेण्याचं ठरलं. ज्याने कंपनीच्या पडत्या काळात खिशात हात घातला, त्याला हे लागणारच. मुंबईत बसून त्याला भाबडा म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही.

होंडा गोल्डविंग अमेरिकेत बनायची, हे खरं?

खरं. ओहायोतल्या मेरीसव्हिलला १९८० पासून जवळपास तीन दशकं बनत होती, नंतर जपानला गेली. त्या काळात जपानी नावाच्या गोल्डविंगमुळेही शेकडो अमेरिकन घरांत पगार येत होता. कोणती गाडी 'आपली' या प्रश्नाचं उत्तर नुसत्या नावावरून देता येत नाही ते यासाठी.

बुलेटही इंग्लंडचीच ना? मग तिच्याबद्दल असा वाद का होत नाही?

हा माझा सर्वात आवडता प्रश्न.

रॉयल एन्फिल्ड इंग्लंडमधल्या रेडिचची. पन्नासच्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. त्यातून १९५५ मध्ये मद्रास मोटर्ससोबत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग आणून तिरुवोट्टियूरला जुळणी, मग काही वर्षांत सगळे भाग इथेच. इंग्लंडमधली कंपनी १९७० च्या सुमारास संपली, मद्रासची चालू राहिली. १९७७ मध्ये बुलेट भारतातून परत इंग्लंडला निर्यात होऊ लागली. नव्वदच्या दशकात आयशरने कंपनी घेतली.

आता गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या मुलीला कुणी विचारतं का, ही गाडी कुठल्या देशाची? तीन पिढ्यांनी इथे ती वापरली, दुरुस्त केली, लग्नात मिरवली, लडाखला नेली. कोणी ठराव करून ती भारतीय झाली नाही, वापराने झाली.

बुलेटवाल्यांनी वाद घातलाच नाही असंही नाही. तो कडाक्याचा झाला, पण दुसऱ्या कारणावरून. कास्ट आयर्नचं जुनं इंजिन जाऊन २००९-१० च्या सुमारास यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत असलेलं इंजिन आलं, गिअर उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे गेला, आणि सायलेन्सरचा तो ठोका पातळ झाला. जुने बुलेटवाले अक्षरशः हळहळले. आमच्या ग्रुपमधले एक काका आजही उजव्या गिअरचीच गाडी चालवतात आणि नवीला बुलेट म्हणत नाहीत. कारखाना तेव्हा जिथल्या तिथे होता! म्हणजे रायडर जपतो तो गाडीचा स्वभाव. गाव बदललं आणि स्वभाव टिकला तर तो जुळवून घेतो. स्वभाव बदलला तर त्याच गावची गाडीही त्याला परकी वाटते.

आजोबा सांगतात की लॅम्ब्रेटा मुंबईत बनायची. खरंच का?

आजोबा बरोबर सांगतात. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया म्हणजे एपीआय या कंपनीचा कारखाना भांडुपला होता आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या कितीतरी लॅम्ब्रेटा तिथून निघाल्या. पुढे याच कंपनीने लॅम्बी या नावानेही स्कूटर विकली.

इटलीतली कहाणी अशी की मिलानच्या इनोसेन्टी कंपनीने स्कूटरचं काम थांबवलं आणि १९७२ मध्ये भारत सरकारने यंत्रसामग्री आणि हक्क विकत घेऊन लखनौला स्कूटर्स इंडिया काढली. तिथून विजय स्कूटर आली. अख्खा कारखाना देश बदलून आला म्हणा ना. पण यंत्रं आली तरी पुढचं काम झालं नाही. नवं मॉडेल नाही, संशोधन नाही, आणि बजाजपुढे दोन्ही कंपन्या मागे पडल्या. आज आपल्याकडे लॅम्ब्रेटा जिवंत आहे ती मालकांच्या आणि जुन्या मिस्त्रींच्या जिवावर. घरात अजून एखादी उभी असेल तर भंगारात देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

कारखाना हलला की दर्जा घसरतो का?

आपोआप नाही. एएमएफच्या काळातली हार्ले आठवा: देश तोच, दर्जा मात्र गेला. उलट बीएमडब्ल्यूची जी ३१० आर होसूरला टीव्हीएसने बनवली आणि ती जगभर विकली गेली.

काळजी घ्यायची ती पहिल्या लॉटची. कुठल्याही नव्या लाइनवर पहिल्या काही महिन्यांत बारीकसारीक त्रुटी निघतात. घाई नसेल तर सहा-आठ महिने थांबा, आधी घेतलेल्यांशी बोला, रिकॉल झाला असेल तर कंपनीने तो कसा हाताळला ते विचारा. आणखी एक: किमतीसाठी काय बदललं ते बघा. टायर, सस्पेन्शन, ब्रेक लाइन इथे काटकसर होते. देशामुळे गाडी हलक्या दर्जाची होत नाही, कंपनीने ठरवलेल्या किमतीमुळे होते.

हार्लेने २०२० मध्ये भारत सोडला तेव्हा मालकांचं काय झालं? पुन्हा असं होईल का?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण निष्ठेची खरी किंमत इथे मोजावी लागते.

हार्ले २००९ मध्ये भारतात आली, २०११ मध्ये हरयाणातल्या बावलला जुळणी सुरू झाली, आणि पुढे स्ट्रीट ७५० तिथे बनून निर्यातही झाली. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने इथलं उत्पादन आणि विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये हीरो मोटोकॉर्पशी करार झाला: विक्री, सर्व्हिस आणि सुटे भाग हीरो बघणार. मधल्या काळात डीलर भरपाईसाठी भांडत होते. कर्ज काढून गाडी घेतलेला माणूस पुढचं सर्व्हिसिंग कुठे करायचं याच्या विवंचनेत होता, आणि स्ट्रीट ७५० हे मॉडेलच संपलं. जुलै २०२३ मध्ये हीरोच्या नीमराणा कारखान्यातून एक्स ४४० आली आणि नावाला इथे पुन्हा बळ मिळालं.

पुन्हा होईल का? कुठल्याही कंपनीबाबत होऊ शकतं. म्हणून माझं स्पष्ट मत: ज्या परदेशी नावामागे इथल्या कंपनीचा स्वतःचा कारखाना, स्वतःचा पैसा आणि स्वतःचं सर्व्हिस जाळं आहे, ती गाडी मालकासाठी जास्त सुरक्षित. काहींना यात नावाचा दिमाख कमी झाल्यासारखा वाटतो. मला वाटतं की चाकणला लाइन उभी करून बसलेली कंपनी एका पत्रकाने निघून जाऊ शकत नाही, आणि रायडरने दाखवलेल्या विश्वासाला एवढी तरी हमी मिळायला हवी.

तिकडचे कारखाने बंद झाले म्हणून आपण आनंद मानावा का?

नाही. आपल्याला काम मिळालं याचा आनंद जरूर मानावा, त्यांचं गेलं याचा नाही.

ट्रायम्फच्या मेरिडन कारखान्याला टाळं लागणार म्हटल्यावर १९७३ मध्ये कामगारांनी तो ताब्यात घेतला. १९७५ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि १९८३ पर्यंत त्यांनी बॉनव्हिल बनवत ठेवली. कॅन्सस सिटीत सुमारे ८०० नोकऱ्या गेल्या.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागू नये. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा गिरणगावात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. संप संपल्याचं कधी जाहीरच झालं नाही. कापडाचं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणि इतरत्र गेलं, परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. त्या घरांतली मुलं आज आमच्यासोबत राइडला येतात. कारखाना गेल्यावर चाळीतल्या एकेका खोलीचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि हलायला देशच ओलांडावा लागतो असंही नाही. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, कारण करसवलतीचं उत्तराखंडातलं पंतनगर स्वस्त पडत होतं. पिंपरी-चिंचवडमधल्या कित्येक घरांत त्या वर्षाची आठवण अजून ताजी आहे.

म्हणून ऑनलाइन कोणी अमेरिकन किंवा इंग्रज रायडर 'आमची गाडी गेली' म्हणाला तर त्याला डिवचू नका. चाकणच्या कंत्राटी कामगाराला काय पगार मिळतो, हेही विचारत राहा. गाडीवर प्रेम असेल तर ती जोडणाऱ्या हातांची चौकशी त्यात आलीच.

आपल्या कंपन्याही बाहेर कारखाने काढतात. ते चालतं?

चालतं. हीरोचे कोलंबिया आणि बांगलादेशात कारखाने आहेत, बजाजचा ब्राझीलमधल्या मानाउसला २०२४ मध्ये सुरू झाला. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. टीव्हीएसने एप्रिल २०२० मध्ये नॉर्टन ही जुनी इंग्लिश मोटारसायकल कंपनी विकत घेतली, तेव्हा कारखाना भारतात न आणता इंग्लंडमध्येच सोलिहलला नवा उभारला.

पूर्ण आयात गाडी घेतली तर 'अस्सल' मिळेल ना? फरक किती पडतो?

गाडी तीच, शुल्क जास्त. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पूर्ण तयार येणाऱ्या गाड्यांवरचं सीमाशुल्क १६०० सीसीपर्यंत ५० वरून ४० टक्के आणि त्यावर ५० वरून ३० टक्के झालं, सुटे भाग आणून इथे जुळवलेल्यांवर १५ वरून १० टक्के. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के लागतो, मग गाडी चाकणची असो की चेन्नईची. दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी ऑन-रोड किमतीचा पूर्ण तपशील लेखी घ्या. आयात गाडीचा साधा आरसा फुटला तरी वाट बघावी लागू शकते, हाही खर्चच धरा.

गाडी कुठे बनली हे कसं ओळखायचं?

आरसीवर किंवा हँडलखालच्या फ्रेमवर १७ अक्षर-अंकांचा चासिस नंबर असतो. त्याची सुरुवात बघा. एमए ते एमई म्हणजे भारत, एमएल ते एमआर म्हणजे थायलंड, जे म्हणजे जपान, एसए ते एसएम ब्रिटन, डब्ल्यू जर्मनी, आणि १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका. सुट्या भागांतून इथे जुळवलेल्या किंवा कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्यात बनलेल्या गाडीबाबत एवढ्यावर विसंबू नका, शोरूमला थेट विचारा. उत्पादनाचा महिना आणि वर्षही तपासा, शोरूममध्ये वर्षभर उभी राहिलेली गाडी नवीच्या भावात गळ्यात पडायला नको.

बुकिंगआधी शोरूममध्ये नेमकं काय विचारू?

या मॉडेलचे किती टक्के भाग इथे बनतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन सेट, आरसा आणि लिव्हर आत्ता स्टॉकमध्ये आहेत का. असतील तर काढून दाखवायला सांगा. मुंबईत सर्व्हिस सेंटर किती आणि तुमच्या घराजवळचं कुठलं. पावसाळ्यानंतरच्या गंजावर वॉरंटी आहे की नाही, कारण आपल्याकडे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस. कंपनी बदलली किंवा भागीदारी तुटली तर वाढीव वॉरंटी कोण पाळणार, हे कागदावर कोणाच्या नावाने आहे ते वाचा.

मग ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक चक्कर मारा आणि दुकानदाराला मॉडेलचं नाव सांगून बघा. माल पटकन काउंटरवर आला तर गाडी शहरात रुळली आहे. 'मागवावा लागेल' असं तीन दुकानांत ऐकलंत, तर बुकिंग पुढच्या सणापर्यंत ढकला.